हेतूवाचून विष

९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेयर फिरून परतले. नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट त्यांनी घेतले आणि प्रकृती बिघडल्यासारखी वाटून उरलेले फेकून दिले. पेल्याच्या बुडाशी काळपट गाळ राहिला होता. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी व पुढे मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञाने तो तपासून त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगितले. पुढची हकीकत आपल्या घराघरांत निरनिराळ्या पाठभेदांनी सांगितली जाते. चौकशी-आयोगातील तीन इंग्रज सभासदांना मल्हारराव महाराजांवरील आरोप शाबीत झाला असे वाटले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे यांना तसे वाटले नाही. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले ते गैरकारभाराच्या सबबीवर. आणि मे महिन्यात कवळाण्याचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला.

त्या प्रकरणातील राजकारणाचा निवाडा करणे हा या लेखाचा उद्देश नाही. माझे लक्ष त्या पेल्याकडे आहे. विष म्हटले की जे चित्र आपल्या मनात उभे राहते, ते सगळे त्या पेल्यात आहे: विष देणारा कोणी एक, त्याचा दुष्ट हेतू, तागडीत तोलता येईल असा पदार्थ आणि डोळ्यांना दिसणारा गाळ. आयोगाचे सभासद ज्या मुद्द्यावर दुभंगले तो मुद्दा हेतूचाच होता. पेल्यात काय होते यापेक्षा ते कोणाच्या सांगण्यावरून आले, हा खरा वाद होता. आता प्रश्न असा, की देणारा नाही, हेतू नाही, वजन नगण्य आहे आणि गाळही दिसत नाही, तरी शरीरात विषबाधा झाली, तर जाब कोणाला विचारावा? हा प्रश्न काल्पनिक नाही. गेल्या पंचवीस वर्षांत धातूंच्या अतिसूक्ष्म कणांनी तो आपल्यापुढे आणून ठेवला आहे.

या कणांना ‘अब्जांश कण’ म्हणावे असे काही विज्ञानलेखक सुचवितात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, तेव्हा शब्द अचूक आहे. ज्या गावाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून आठ भाषांतील कारभाराचे शब्द शेजारी शेजारी बसविले, त्या गावच्या माणसाने परका शब्द मुकाट्याने घेऊ नये हे खरे. परंतु साणंदच्या छोट्या मोटारीने ‘नॅनो’ हा शब्द एवढा रुळवून टाकला की मोटार गेली तरी शब्द राहिला. म्हणून येथे नॅनोकणच म्हणतो. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना हे नाव आहे. एखादी पेशी दहा मीटर रुंदीच्या दिवाणखान्याएवढी मोठी केली, तर दहा नॅनोमीटरचा कण तिच्यात पडलेल्या हरभऱ्याएवढा दिसेल.

वजनाचा आणि विषाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, याची खूण आपल्या सोनारांच्या तागडीतच होती. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ही गुंज म्हणजे एका वेलीची लाल-काळी बी आणि ती जहाल विषारी आहे. मात्र तिचे कवच इतके टणक असते की अखंड गिळली गेलेली गुंज बहुधा तशीच बाहेर पडते. तीच चावली वा कुटली गेली तर प्राणांवर बेतते. वजन तेच, द्रव्य तेच. बदलले ते फक्त रूप. पिढ्यानुपिढ्या आपण ज्या मापाने सोने तोलले, ते माप वजनाच्या अपुरेपणाचे जिवंत उदाहरण होते, आणि हे कोणाच्या सहसा मनात आले नाही.

धातूंचेही असेच घडते. कोणतेही द्रव्य बाहेरच्या जगाशी व्यवहार करते ते आपल्या पृष्ठभागाने. आतले अणू त्या व्यवहारापासून दूर असतात. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो, म्हणजे एखाद्या जुन्या दुमजली वाड्याच्या चटईक्षेत्राएवढा. सुरसागरातील १११ फुटी शिवमूर्ती २०२३ साली सुवर्णमंडित झाली ती सुमारे साडेसतरा किलो सोन्यात. धातू पसरला की किती पुरतो हे आपण रोज येता-जाता पाहतो. एक गुंजभर चांदी दहा नॅनोमीटरच्या गोळ्यांत विभागली तर तिचा पृष्ठभाग पाऊणशे चौरस फूट होईल आणि गोळ्यांची संख्या वीस हजार लाख कोटींच्या घरात जाईल. आकार इतका घटला की स्वभावही पालटतो. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली लंडनमध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे जे द्रावण दाखविले, ते माणकासारखे लाल होते.

असा कण पेशीत गेल्यावर काय होते? पेशीच्या पटलावर सुट्या आयनांच्या ये-जा करण्याच्या ठरावीक वाटा असतात आणि तेथे पहारा असतो. कणाला त्या वाटांची गरज पडत नाही. पेशी त्याला आपल्या पटलाची घडी घालून खाद्य समजून आत ओढून घेते. १६६३ मध्ये शिवाजी महाराज लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने शाएस्तेखानाच्या छावणीत शिरले असे परंपरा सांगते, तसा हा प्रवेश आहे. उपमेत आपली सहानुभूती उलट्या बाजूला जाते, हा तिचा दोष आहे. पण युक्ती तीच. गिळलेला कण लायसोसोममध्ये, म्हणजे पाठ्यपुस्तकांतील लयकारिकेत जाऊन पडतो. ही पेशीची पचनाची पिशवी असून तिच्यात आम्ल असते. बाहेर जो कण महिनोन्महिने टिकला असता, तो तेथे विरघळू लागतो आणि ज्या आयनांना दारावर अडविले असते ते पेशीच्या पोटातच सुटतात.

चांदीचे आयन सुटले की गंधक शोधतात. आपल्या घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती गंधकाशी असलेल्या याच सख्यामुळे. पेशीतील कितीतरी प्रथिनांचे कार्य गंधकाच्या टोकांवर अवलंबून असते. ग्लुटाथायोन नावाचा पेशीचा जो मुख्य संरक्षक रेणू आहे, तोही गंधकयुक्तच. तो खर्ची पडला की तंतुकणिकांत ऊर्जा निर्माण होताना जी अर्धवट जळलेली, आगलावी ऑक्सिजनरूपे तयार होतात, त्यांना विझवायला कोणी उरत नाही. पटलांतील स्निग्ध द्रव्ये खवट होऊ लागतात, केंद्रकातील डीएनएचे धागे तुटतात आणि पेशी एक तर शिस्तीने स्वतःला संपविते किंवा फुटून मरते. कर्नल फेयर यांच्या पेल्यातल्या सोमलाचे वैरदेखील मुख्यतः प्रथिनांतील याच गंधकाशी होते. म्हणजे विषाची करणी जुनीच आहे, आत शिरण्याची वाट तेवढी नवी.

पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेले काम या संदर्भात मला फार बोलके वाटते. भाजलेल्या व चिघळलेल्या जखमांसाठी चांदीच्या नॅनोकणांचे मलम करावे असा त्यांचा प्रयत्न होता. मलम करतानाच त्यांनी हे कण पेशींचे काय करतात हेही तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानवी कर्करोगापासून वाढविलेल्या दोन पेशीवंशांतील निम्म्या पेशी मिलिलिटरमागे दहा-बारा मायक्रोग्रॅम चांदीने निकामी झाल्या. पुढच्या वर्षीच्या प्रयोगांत उंदराच्या ताज्या पेशी घेतल्या, तेव्हा तोच परिणाम व्हायला त्वचेखालच्या तंतुजनक पेशींना सुमारे ६१ आणि यकृताच्या पेशींना सुमारे ४४९ मायक्रोग्रॅम लागले. कण आत गेले होतेच. सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतुकणिकांतही दिसले. परंतु या पेशींनी आपले संरक्षक रेणू वाढविले आणि तग धरला. तेव्हा ‘चांदीचे नॅनोकण विषारी आहेत काय’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर नाही. कोणत्या पेशीत, किती, किती काळ आणि त्या पेशीच्या गाठी काय शिल्लक आहे, हे विचारावे लागते. ज्याला हे विचारायचे नसते तो वजन सांगून मोकळा होतो.

वजन सांगून मोकळे होण्याची किंमत काय पडते, हे खुब्याच्या कृत्रिम सांध्यांनी दाखविले. पूर्वी सांध्याचा गोळा धातूचा आणि वाटी प्लॅस्टिकची असे. प्लॅस्टिक झिजे, त्याचे कण हाडाला पोखरत. म्हणून गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची करावी, म्हणजे झीज फारच कमी होईल, असा विचार बळावला. वजनाने किंवा घनफळाने मोजले तर तो बरोबरही होता. परंतु प्लॅस्टिकचे कण मोठे होते आणि धातूचे बहुतेक कण शंभर नॅनोमीटरच्या आतले. एकूण झीज घटली आणि कणांची संख्या कित्येक पटींनी वाढली. शरीरातील भक्षक पेशी हे कण गिळतात, त्यांच्या आम्लात कोबाल्ट विरघळते, पेशी मरते, आणि तिचे अवशेष व उरलेले कण पुढची पेशी गिळते. असे होत होत सांध्याभोवतीचे मांस झडते, गाठी होतात, आणि काहींच्या रक्तात वाढलेले कोबाल्ट हृदय, डोळे, कान यांच्यापर्यंत पोहोचते.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा ए.एस.आर. हा सांधा २००३ मध्ये बाजारात आला. त्याची वाटी उथळ होती, त्यामुळे काठाशी घर्षण होऊन झीज अपेक्षेहून अधिक झाली. ऑस्ट्रेलियात तो डिसेंबर २००९ मध्ये मागे घेतला गेला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभर. तोवर सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात तो बसला होता. इंग्लंडच्या सांधेनोंदवहीवरून पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले. अमेरिकेत २०१३ मध्ये कंपनीने सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. भारतात या सांध्याची नोंदणी २००६ मध्ये झाली आणि सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली; केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र २०१७ मध्ये नेमली गेली.

आता या प्रकरणात फेयरसाहेबांचा पेला शोधून पाहावा. रुग्णाला मारावे असा हेतू अभियंत्याचा नव्हता, शल्यचिकित्सकाचा तर नव्हताच. उलट प्रत्येकाला त्याचे चालणे सुधारायचे होते. शरीरात गेलेले कोबाल्ट मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. इंग्लंडच्या नियामकांनी २०१० मध्ये रक्तात लिटरमागे सात मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची रेषा ठरविली. हेतू आणि वजन या दोनच कसोट्या लावल्या तर सगळे निर्दोष सुटतात आणि रुग्ण तेवढा व्याधिग्रस्त राहतो. २००९ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी हा गुंता आणखी वाढविला. त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमचे कण पेशींच्या एका पडद्यावर ठेवले. कण पडद्यापार गेले नाहीत, तरी पलीकडच्या पेशींच्या डीएनएला इजा झाली. पडद्यातील पेशींनी एकमेकींना धाडलेल्या रासायनिक संदेशांनी ती घडविली होती. प्रयोगातील मात्रा शरीरातल्या मात्रेहून जास्त होती हा आक्षेप रास्त आहे. तरीही स्पर्शावाचून इजा होऊ शकते हे उरतेच, आणि ‘आमचा कण तेथवर गेलाच नाही’ हा बचाव लंगडा पडतो.

अशा वेळी आपल्या शेजारघराकडे पाहावेसे वाटते. बडोद्याच्या पोळांतून आपण पिढ्यानुपिढ्या जैन कुटुंबांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आहोत. पाणी गाळून पिणे, दिवेलागणीपूर्वी जेवणे यांची आपण कधी थट्टाही केली असेल. पण त्या आचारामागे एक पक्का विचार आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची जबाबदारी माणसावर कशी येते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेच्या व्याख्येतच ‘प्रमाद’ घातला आहे. प्रमाद म्हणजे दुष्ट हेतू नव्हे आणि निव्वळ अपघातही नव्हे. पाहता आले असते तेथे न पाहणे, असा त्याचा अर्थ मी घेतो. आपल्या स्मृतिकारांनीही अजाणता घडलेल्या पातकाला प्रायश्चित्त सांगितले आहे, जाणून केलेल्याहून सौम्य. परंतु अजाणतेपणाची चौकशी त्यांनी फारशी केली नाही. जैन आचाऱ्यांनी ती केली. न दिसणाऱ्याचे विष तोलायला हेतूपेक्षा प्रमादाची तागडी मला अधिक खरी वाटते.

या तागडीवर आक्षेप येईल. सर्व परिणाम कळेपर्यंत थांबायचे तर कोणतेच औषध निघणार नाही. गाळूनही पाण्यात जीव राहतातच. हे मान्य. म्हणूनच प्रमादाला तारीख असते, हे ध्यानात घ्यावे लागते. २००७ साली ज्याने हा सांधा बसविला आणि २०१० च्या आरंभी, ऑस्ट्रेलियाने तो मागे घेतल्यावर, ज्याने बसविला, त्या दोघांची कृती वरून एकच दिसते. तिचे नैतिक स्वरूप एक नाही. ज्ञान जसजसे वाढते तसतशी न पाहण्याची मुभा आटत जाते. पुण्याच्या संशोधकांनी मलम आणि विषपरीक्षा एकाच छपराखाली, एकाच सुमारास केली. प्रगती न अडविता पाहता येते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

भस्मांचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही हीच तागडी लावावी लागेल. सुवर्ण, रौप्य, ताम्र यांच्या भस्मांत नॅनोकण सापडतात, हे आधुनिक उपकरणांनी दाखविल्यापासून आपल्याकडे ‘हे आम्हाला आधीच ठाऊक होते’ असा सूर लागतो. बोटाच्या रेषांत शिरावे इतके बारीक, पाण्यावर तरंगणारे, चकाकी गेलेले, आणि पुन्हा धातुरूप न होणारे, अशा भस्माच्या कसोट्या रसशास्त्राने सांगितल्या. त्या केवळ वजनाच्या नाहीत, रूपाच्या आहेत, हे त्या वैद्यांचे थोरपण. ते पाहत होते. त्यांचा वारसा सांगून आज न पाहणे हे मात्र त्यांच्या पद्धतीच्या उलट आहे. अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेल्या पाहणीत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमलाचे मूलद्रव्य आढळले. त्यावर आपल्याकडे पाहणी करणाऱ्यांच्या हेतूचीच चर्चा अधिक झाली. येथेही हेतूच! बाटलीत काय आहे आणि ते पेशीत गेल्यावर काय करते, हा प्रश्न बाजूला पडला.

न पाहण्याचा एक प्रकार असा आहे की त्यात डोळे मिटावेही लागत नाहीत. नोंद ठेवली नाही की पुरते. ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना धोका लवकर कळला तो तेथे प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही होती म्हणून. आपल्याकडे तशी सक्तीची नोंद नव्हती. समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, किमान वीस लाख रुपयांची भरपाई सुचविली, आणि त्याच वर्षी सरकारने तीस लाखांपासून सव्वा कोटीच्या जवळपास जाणारे सूत्र मान्य केले. भरपाई द्यायची कोणाला, हे मात्र कागदावर नव्हते. ४,७०० पैकी हजाराच्या आसपास रुग्णांचाच ठावठिकाणा लागला. साडेतीन हजारांहून अधिक माणसे सापडली नाहीत. आपल्या खुब्यात कोणत्या कंपनीचा कोणता सांधा आहे हे त्यांतील कित्येकांना माहीतही नसेल. दुखणे वयाचे समजून ती जिने चढत असतील. पुन्हा करावयाच्या शस्त्रक्रियांचा खर्च कंपनीने ऑगस्ट २०२५ पर्यंत देत राहावा, अशी समितीची शिफारस होती. ती मुदत आता उलटून गेली आहे.